डॉडच्या खिशातली कुपी

डॉड क्रुकशँकचं अर्धं आयुष्य पिणाऱ्या माणसांना व्हिस्कीपर्यंत नेण्यात आणि तिथून सुखरूप परत आणण्यात गेलं. स्कॉटलंडमधल्या डफटाउनच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी सकाळी त्याची निळी व्हॅन उभी असायची. जर्मन, जपानी, डच, टेक्सासचे, कुठले कुठले लोक तीत चढायचे आणि डॉड त्यांना स्पे नदीच्या काठाने व्हिस्की गाळणाऱ्या एका डिस्टिलरीतून दुसरीत फिरवायचा. सकाळी ही मंडळी अगदी शहाण्यासारखी बसायची. पट्टे लावायची, मेंढ्या दिसल्या की फोटो काढायची. दुपार कलली की तीच मंडळी मेंढ्यांना हाका मारायची. डॉड मात्र सकाळी जसा असायचा तसाच संध्याकाळी. गाडी हाकणाऱ्याने थेंबालाही शिवायचं नाही, हा तिथला कायदा होता आणि डॉडचा हट्टही.

पण ड्रायव्हरला अगदीच कोरडं परत पाठवणं त्या मुलखातल्या लोकांच्या जिवावर येतं. म्हणून पाहुण्यांचे पेले भरून झाले की डिस्टिलरी दाखवणारी मुलगी बोटाएवढी एक काचेची कुपी भरते, बूच लावते, वर नावाची चिठ्ठी चिकटवते आणि ड्रायव्हरच्या हातात ठेवते. घरी जाऊन घे, म्हणते. बाकीचे ड्रायव्हर घरी जाऊन घेत, किंवा कुपी गाडीच्या कप्प्यात पडून राही. डॉड ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि घराच्या फाटकाशी आला की नखाने तिच्यावरची चिठ्ठी खरवडून टाकायचा. कारण ती कुपी नेटासाठी असायची.

नेटा म्हणजे डॉडची बायको. लग्नाच्या आधीपासून ती बालनाक्रेग डिस्टिलरीत कामाला होती. आधी बाटल्या भरण्याच्या विभागात आणि पुढे नमुन्यांच्या खोलीत. पिंपांतून काढलेल्या व्हिस्कीचे नमुने तिथे येत आणि नेटा त्यांचा वास घेऊन सांगे, हे पिंप अजून झोपू दे, हे उठवा आता. पिण्याची तिला फारशी हौस नव्हती. वासातच तिला सगळं मिळायचं. डॉड तिच्या मागे लागला होता तेव्हा एकदा फुलं घेऊन गेला, तर तिने फुलांकडे न बघता त्याच्या कोटाला नाक लावलं आणि म्हणाली, "आधी डुकरांच्या गोठ्यात गेला होतास आणि मग धीर यावा म्हणून काहीतरी स्वस्तातलं प्यायलास." दोन्ही खरं होतं. डॉड लाजेने लाल झाला आणि तिथेच कायमचा अडकला.

मग निवृत्तीनंतर नेटाला अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय रुसून बसले. बोलणं शाबूत राहिलं, जीभ तर आधीपेक्षा धारदार झाली, पण घराच्या फाटकाबाहेर ती पडेना. डॉडने व्हॅनमध्ये तिच्यासाठी खास पायरी बसवून घेतली. तिने ती खिडकीतून पाहिली आणि म्हणाली, "छान आहे. मेंढ्यांना उपयोगी पडेल." डिस्टिलरीच्या ज्या अंगणातून ती एकेकाळी तरातरा चालत गेली, तिथे तिला कुणाच्या खांद्याला लोंबकळत जायचं नव्हतं. डॉडने पुन्हा विषय काढला नाही. त्याने कुप्या आणायला सुरुवात केली.

व्हिस्की पारखायची नेटाची जुनी रीत अशी होती की तळहातावर दोन थेंब घ्यायचे, दोन्ही हात एकमेकांवर खसखसून चोळायचे आणि ओंजळीत नाक खुपसायचं. आता तिच्याकडे एकच हात होता. मग दुसरा डॉडचा. संध्याकाळचं जेवण आटोपलं, बटाटे आणि खिम्याच्या बशा बाजूला सरकल्या की तो आपला रुंद तळवा टेबलावर उताणा ठेवायचा. नेटा त्यावर थेंब टाकायची, आपल्या उजव्या हाताने चोळायची आणि त्याच्या तळव्यावर वाकायची. उन्हाळ्यात त्या वेळी बाहेर लख्ख उजेड असतो. डॉडला वरून तिचा भांग दिसायचा.

"नाशपाती," ती म्हणायची. "मग मेण. मग जरा शेरी वाइनच्या पिंपाचा गोडवा. तू ड्रमेलनला गेला होतास."

"गेलो होतो."

"तिथल्या मागच्या भिंतीवरची वेल फुलली का?"

आणि डॉड सांगायचा. कोण भेटलं, कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या गोदामाचं छप्पर बदललं. तीही उलट निरोप धाडायची. अमकीला सांग, तुझी मुलगी आईपेक्षा शहाणी निघाली. तमक्याला सांग, दाढी काढ, चेहरा काही इतका वाईट नाही. दुसऱ्या दिवशी डॉड हे निरोप शब्द न बदलता पोचवायचा आणि शिव्या खाऊन यायचा. अशा रीतीने नेटा रोज संध्याकाळी स्पेच्या दोन्ही काठांवर हिंडून येत असे.

याचा डॉडच्या धंद्यालाही फायदा व्हायचा. दुकानातल्या कपाटांसमोर पाहुणे गोंधळून उभे राहिले की कुणीतरी त्यालाच विचारायचं, कुठली घेऊ? डॉड घसा खाकरून नेटाचे शब्द सोडायचा. बाटलीवरचा वयाचा आकडा बघून घेऊ नका, आकडा पिता येत नाही. कपाटात ठेवून मिरवायची असेल तर चित्र विकत घ्या, या वर्षी उघडणार असाल तीच बाटली घ्या. आणि कुणासाठी भेट न्यायची असेल तर तो माणूस सकाळी न्याहारीला काय खातो ते मला सांगा. मुरंबा लावणाऱ्याला शेरीच्या पिंपातली, मीठ घालून ओटची पेज खाणाऱ्याला साध्या पिंपातली. लोकांना वाटायचं, केवढा जाणकार ड्रायव्हर मिळाला! डॉड नम्रपणे टोपी सारखी करायचा आणि गप्प बसायचा. त्याचं स्वतःचं नाक विटेसारखं होतं, हे फक्त घरात ठाऊक होतं.

त्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी नेटाला जबरदस्त सर्दी झाली. सर्दी गेली, खोकला गेला. एप्रिलमध्ये पाहुणे सुरू झाले तशी डॉडने हंगामातली पहिली कुपी आणली. ड्रमेलनची होती. नेटाने थेंब चोळले, वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग मान वर करून हसली.

"बालनाक्रेग," ती म्हणाली. "माझं बालनाक्रेग. हो ना?"

आता ड्रमेलन आणि बालनाक्रेग यांच्यात फरक केवढा, हे डॉडच्या विटेलाही कळत होतं. त्यातून बालनाक्रेग म्हणजे तिचं माहेरच. आईने आपलं लेकरू समजून दुसऱ्याच्याच पोराचा हात धरावा, तसं झालं. डॉडने नेटाकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका आनंदी होता की त्याच्या तोंडून पटकन निघून गेलं, "बरोबर."

"म्यूरिएल भेटली? तिचा गुडघा कसा आहे?"

म्यूरिएल बालनाक्रेगच्या दुकानात बसायची. नेटाची जुनी मैत्रीण. "कुरकुरतोय," डॉड म्हणाला. "पायऱ्यांना शिव्या देत होती."

"देणारच. तिला सांग, वजन कमी कर."

एक थाप मारली की ती एकटी राहत नाही. दुसऱ्या दिवशी नेटाने पुन्हा चुकीचं नाव घेतलं, डॉड पुन्हा बरोबर म्हणाला. मे गेला, जून आला. ती टॉमवॉरीला ग्लेनफर्दी म्हणाली, ग्लेनफर्दीला बालनाक्रेग म्हणाली, आणि डॉड न गेलेल्या गावांच्या बातम्या रचत सुटला. जन्मात खोटं न बोललेला माणूस, पण सराव झाला तसा त्यालाही रंग चढला. बालनाक्रेगच्या अंगणात त्याने एक मांजर आणलं. मांजराला पिल्लंही झाली. नेटा खूश होती. दिवसेंदिवस अधिकच खूश दिसत होती, केस नीट विंचरत होती, आणि एकदा तर तिने व्हॅनच्या त्या पायरीबद्दल विचारलं, अजून आहे का म्हणून. डॉडला वाटलं, आपण चांगलंच करतोय.

एका रविवारी दुपारी दारावर थाप पडली. डॉडने उघडलं तर समोर म्यूरिएल, हातात बिस्किटांचा डबा घेऊन. आणि ती ताठ, झोकात उभी होती.

"बाजूला हो रे, डॉड. कुठे आहे माझी म्हातारी?"

तो बाजूला झाला नाही म्हणून म्यूरिएलच त्याला ढकलून आत गेली.

"अगं, ये ये!" नेटा खुर्चीतून ओरडली. "निरोप पोचला वाटतं माझा. पण गुडघा तर बराच सुधारलेला दिसतोय! गुरुवारी म्हणे जिना चढताना देवाला नावं ठेवत होतीस."

"गुरुवारी?" म्यूरिएल खुर्ची ओढत म्हणाली. "कसला जिना? गुडघा बदलून घेतला मी, ईस्टरच्या आधीच. इन्व्हरनेसला बहिणीकडे पडून होते इतके दिवस, काल आले. आणि बालनाक्रेगला जाऊन करायचंय काय? सगळं बंद आहे. जुनी तांब्याची भट्टी काढून नवी बसवतायत ना. या वर्षी पाहुणे नाहीत, दुकान नाही, अंगणात नुसता चिखल. डॉड बोलला नाही तुला?"

डॉडने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. अख्ख्या डफटाउनला ठाऊक असलेली बातमी, पण घरात बसलेल्या नेटाला सांगणारा तो एकटाच होता.

"बोलला असेल," नेटा शांतपणे म्हणाली. "माझ्याच डोक्यात घोटाळा झाला. बिस्किटं उघड, म्यूरिएल."

म्यूरिएल चहा पिऊन, सगळ्या गावाची खबर देऊन गेली. दार लागलं. डॉड टेबलापाशी उभा राहिला.

"मांजर?" नेटाने विचारलं.

"नाही."

"पिल्लं?"

"मांजरच नाही तर पिल्लं कुठली, नेटा."

तिला हसू येईल अशी त्याला वेडी आशा होती. ती हसली नाही.

"मला काहीच वास येत नव्हता, डॉड. सर्दीनंतर काहीच नाही. चहाचा नाही, साबणाचा नाही. त्या पहिल्या दिवशी तुझ्या तळव्यावर वाकले, तिथे काही नव्हतं. घाबरले मी. मनात आलं ते नाव घेतलं. आणि तू बरोबर म्हणालास."

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"ऐक आधी. तू बरोबर म्हणालास, म्हणून मला वाटलं, नाक आहे अजून. मला जाणवत नसलं तरी आत कुठेतरी आहे आणि नावं तेच सुचवतंय. रोज तू बरोबर म्हणायचास, आणि मी म्हणायचे, येतंय, परत येतंय. हात गेला, पाय गेला, पण हे राहिलं. मला वाटलं, आता बाहेर पडायलाही हरकत नाही. तू मला त्या डोंगरावर चढवून ठेवलंस आणि आज एका बिस्किटांच्या डब्याने ढकलून दिलं."

डॉडला आतून इतकी शरम वाटली की तो बाहेर जाऊन व्हॅन धुवत बसला. ती आधीच स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कुपी टेबलावर ठेवली आणि तळवा पुढे केला. नेटाने तोंड फिरवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. बशा लवकर उचलल्या जाऊ लागल्या आणि संध्याकाळ संपता संपेना. ती बोलायची, नाही असं नाही. मीठ दे म्हणायची, खिडकी लाव म्हणायची. पण कुठे गेला होतास, हे तिने विचारलं नाही.

त्या आठवड्यात डॉडच्या गाडीत नॉर्वेची एक बाई होती, हिल्डे नावाची. वडिलांच्या सत्तरीसाठी तिला बाटली न्यायची होती. टॉमवॉरीच्या दुकानात दोन बाटल्यांपुढे ती उभी राहिली आणि सवयीप्रमाणे डॉडकडे वळली. "तुम्ही सांगा, यातली कुठली?"

डॉडने घसा खाकरला. नेटाचे शब्द ओठांवर आले आणि तिथेच थांबले. ज्या माणसाशी घरात बायको धड बोलत नाही, त्याने तिचेच शब्द दुकानात कसे विकायचे? "मला नाही कळत, बाई," तो म्हणाला. "माझ्या बायकोला कळायचं. मी नुसता गाडी चालवतो."

दुकानातल्या मुलीने दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं पेल्यांत ओतलं. हिल्डेने एकाचा वास घेतला, मान हलवली. दुसऱ्याचा घेतला आणि डोळे मिटले.

"आजोबांची होडी ठेवायची खोली," ती म्हणाली. "डांबर नाही. दोर. सुकत घातलेला दोर, आणि खिडकीत ठेवलेली सफरचंदं." मग स्वतःशीच हसली. "हे काही व्हिस्कीवाल्यांचं बोलणं नव्हे, नाही का? पण बाबांना ही पोचेल."

तिने तीच घेतली. डॉड तिच्या पेल्याकडे बघत राहिला. या बाईला व्हिस्कीतलं काही कळत नव्हतं. तिने फक्त नाकापाशी जे आलं ते घरातल्या नावाने सांगितलं होतं. डॉडने त्या दिवशी मुलीकडे आपली कुपी मागताना आवाज जरा मोठा केला, "आणि दुपारी ग्लेनफर्दीला जातोय, तिथलीही घेईन म्हणतो."

संध्याकाळी हॅडॉक माशाचं सूप झालं. डॉडने एक कुपी टेबलावर ठेवली. चिठ्ठी खरवडलेली. नेटाने तोंड फिरवलं. या वेळी त्याने तळवा पुढे केला नाही. कपाटातून पेला काढला, कुपी त्यात रिकामी केली आणि स्वतःचं नाक आत घातलं.

नेटा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. "काय चाललंय?"

"वास घेतोय."

"कशाचा येतोय?"

"व्हिस्कीचा."

"अरे वा," नेटा म्हणाली. "पाठवा याला लंडनला."

डॉडने पुन्हा नाक घातलं, जोरात श्वास ओढला आणि ठसकला. डोळ्यांत पाणी आलं.

"अरे बैला, असं नाही," नेटाच्याने राहवेना. "तोंड जरा उघडं ठेव. हळू. नाक पेल्यात बुडवायचं नसतं, काठावर टेकवायचं. दोन थेंब पाणी घाल. आता थांब. घाई करू नकोस, तो तुझ्याकडे येईल."

डॉड थांबला. खिडकीबाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र बंद पडलं, तरी तो थांबलेलाच होता.

"लोकर," तो अखेर म्हणाला. "ओली लोकर. माझ्या आईने चुलीवरच्या दांडीवर मोजे वाळत घातलेत."

नेटाने खुर्ची थोडी वळवली. "पुढे?"

"पीठ. कच्चं. ओटच्या भाकऱ्या थापायच्या आधीचं." त्याचा आवाज खाली गेला. "आणि मग काहीतरी गोड आहे. नेटा, ते मला सांगता येत नाही. तू त्या नमुन्यांच्या खोलीतून बाहेर यायचीस ना, आणि मी फाटकाशी सायकल घेऊन उभा असायचो. तेव्हा तुझ्या केसांना यायचा. तो आहे."

नेटाने उजवा हात लांब करून पेला आपल्याकडे ओढला, आत पाहिलं, उगाच हुंगलं आणि परत सरकवला. मग डोळे मिटून घेतले. डॉडने कित्येक दिवसांत तिचा तो चेहरा पाहिला नव्हता. ती चालत होती, भराभर, कुणाचाही खांदा न धरता.

"ओली लोकर, पीठ, आणि माझे केस," ती पुटपुटली. "केस म्हणजे मध. लोकर... थांब. ग्लेनफर्दी. तू ग्लेनफर्दीला होतास."

तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर तीच आशा, तीच, त्या पहिल्या संध्याकाळची.

पेल्यात टॉमवॉरी होती. ग्लेनफर्दीची कुपी अजून डॉडच्या खिशात होती. 'बरोबर' हा शब्द सरावाने जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. एवढासा शब्द. म्हटला असता तर ती हसली असती.

"नाही," डॉड म्हणाला. "चुकलीस, नेटा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले आणि ओठांचा एक कोपरा, चांगल्या बाजूचा, वर गेला.

"मी कशाला चुकेन," ती म्हणाली. "ड्रायव्हरने रस्ता चुकवला. पुन्हा वास घे. आणि या वेळी नीट ने मला."